विश्लेषण : ‘ज्युरासिक पार्क’ तीन दशकांनंतरही जुना का वाटत नाही?

जून १९९३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ज्युरासिक पार्क’ला तीन दशके उलटून गेली. त्यानंतर याच मालिकेत आणखी सहा चित्रपट आले, संगणकांची ताकद कैक पटींनी वाढली आणि डायनोसॉरविषयीचे विज्ञानही बदलले. तरीही मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट कोणता, या प्रश्नावर चाहत्यांची चर्चा बहुतेक वेळा पहिल्याच चित्रपटापाशी येऊन थांबते. हे निव्वळ स्मरणरंजन आहे, की त्यामागे तपासून पाहता येतील अशी कारणे आहेत?

चित्रपट किती मोठा ठरला?

मायकल क्रायटन यांची ‘ज्युरासिक पार्क’ ही कादंबरी १९९० मध्ये आली. तिच्यावर सुमारे ६.३ कोटी डॉलर खर्चून चित्रपट तयार झाला आणि पहिल्याच प्रदर्शनात त्याने जगभरातून ९१ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. ‘टायटॅनिक’ येईपर्यंत जगात सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट हाच होता. २०१३ मध्ये त्रिमितीय रूपात तो पुन्हा झळकला आणि एकूण कमाई १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. दृश्यपरिणाम, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम संकलन अशी तीन ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली.

भारतात तो १९९४ मध्ये इंग्रजीबरोबर हिंदीतही प्रदर्शित झाला. हिंदीत डब केलेल्या हॉलीवूडपटाला मोठ्या शहरांबाहेरही प्रेक्षक मिळतो, हे वितरकांना पटवून देणारा हा चित्रपट मानला जातो. डायनोसॉर बागेचा मालक जॉन हॅमंड साकारणारे रिचर्ड अ‍ॅटनबरो भारतीयांना आधीपासून माहीत होते. १९८२ च्या ‘गांधी’चे दिग्दर्शक तेच.

डायनोसॉर पडद्यावर किती वेळ दिसतात?

चित्रपटाची लांबी सुमारे १२७ मिनिटे. त्यात डायनोसॉर दिसतात जेमतेम १५ मिनिटे. त्यातलीही साधारण नऊ मिनिटे स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बनवलेल्या यांत्रिक डायनोसॉरांची आहेत, म्हणजे हायड्रॉलिक यंत्रणा, मोटारी आणि माणसांच्या हातांनी हलणाऱ्या पुतळ्यांची. संगणकावर तयार केलेले डायनोसॉर फक्त सहा मिनिटांच्या आसपास आहेत. ‘संगणकीय दृश्यपरिणामांनी क्रांती घडवणारा चित्रपट’ अशी ओळख असलेल्या चित्रपटाचा हा हिशोब आहे.

उरलेला वेळ प्रेक्षकाला वाट पाहायला लावण्यात जातो. झाडापर्यंत मान उंचावणारा ब्रॅकिओसॉरस पूर्ण दिसतो तो साधारण विसाव्या मिनिटाला. टायरॅनोसॉरस रेक्स, अर्थात टी-रेक्स समोर येतो तो जवळपास तासाभरानंतर. तोही थेट येत नाही. आधी गाडीतल्या ग्लासातल्या पाण्यावर तरंग उठतात. मग आमिष म्हणून बांधलेली शेळी जागेवर नसल्याचे लक्षात येते. मग तिचा पाय गाडीच्या काचेच्या छतावर आदळतो. प्राणी दिसण्याआधीच तो किती मोठा असेल, याचा अंदाज प्रेक्षकाने मनात बांधलेला असतो.

संगणक या चित्रपटात आला कसा?

मूळ योजनेत संगणकीय डायनोसॉर नव्हते. पूर्ण आकृती दाखवणारी दृश्ये फिल टिपेट हे ‘गो-मोशन’ पद्धतीने करणार होते. यात छोट्या बाहुल्या चौकटीगणिक थोड्या थोड्या हलवून चित्रित केल्या जातात. ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’मधील काही तंत्रज्ञांनी मात्र चालणाऱ्या टी-रेक्सच्या सांगाड्याची चाचणी संगणकावर तयार केली. ती पाहिल्यावर स्पीलबर्ग यांनी योजना बदलली. आपणच आता नामशेष झालो, अशा अर्थाचे उद्गार टिपेट यांनी काढले आणि स्पीलबर्ग यांनी तोच विनोद चित्रपटातल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी घातला.

टिपेट यांना घरी पाठवले गेले नाही, हे जास्त महत्त्वाचे. प्राणी वजन कसे पेलतो, वळताना शरीराचा कोणता भाग आधी हलतो, हे त्यांना ठाऊक होते. संगणकापुढे बसणाऱ्या तरुणांना ते ठाऊक असेलच असे नव्हते. त्यामुळे टिपेट डायनोसॉरांच्या हालचालींचे पर्यवेक्षक झाले. सेन्सर बसवलेला धातूचा सांगाडा हाताने हलवायचा आणि त्या हालचाली संगणकातल्या आकृतीत उतरवायच्या, असे एक उपकरणही त्यासाठी तयार झाले. जुनी कारागिरी आणि नवे यंत्र यांचा हा सांधा आजही पडद्यावर जाणवतो.

पावसातले दृश्य आजही खरे का वाटते?

टी-रेक्सच्या हल्ल्याचे दृश्य रात्रीचे आहे आणि त्यात पाऊस कोसळतो. अंधार आणि पाणी यामुळे सुरुवातीच्या काळातल्या संगणकीय चित्रांतल्या उणिवा झाकल्या गेल्या, हे खरेच. पण दुसरी बाजूही आहे. चेहरा, डोळे, दात गाडीजवळ येतात तेव्हा समोर सुमारे १२ मीटर लांबीचा, काही टन वजनाचा यांत्रिक डायनोसॉर प्रत्यक्ष उभा आहे. त्याची फोम लॅटेक्सची कातडी पावसाचे पाणी शोषून घेई. वजन वाढले की सगळा सांगाडा थरथरू लागे. दोन शॉट्सच्या मध्ये तो पुसून, वाळवून घ्यावा लागे.

ग्लासातले तरंगही संगणकाने काढलेले नाहीत. दृश्यपरिणाम तंत्रज्ञ मायकल लँटिएरी यांनी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधली आणि ती छेडली. त्या कंपनाने पाण्यात एकात एक वर्तुळे उमटली.

याच दृश्यात पार्श्वसंगीत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जॉन विल्यम्स यांची धून ब्रॅकिओसॉरस पाहतानाच्या थक्क होण्याला साथ देते, पण टी-रेक्स आल्यावर उरतो फक्त पाऊस, पत्र्याचा चुरा होण्याचा आवाज आणि डरकाळी. ही डरकाळी ध्वनिकार गॅरी राइडस्ट्रॉम यांनी हत्तीचे पिल्लू, वाघ आणि मगर यांच्या आवाजांतून घडवली. रॅप्टर एकमेकांना साद घालतात, तो आवाज कासवांच्या मीलनसमयीचा. सगळेच आवाज सजीवांचे असल्याने कानाला ते खोटे वाटत नाहीत.

मग दोष संगणकीय दृश्यांचा आहे का?

‘खरे पुतळे चांगले, संगणक वाईट’ असा निष्कर्ष चाहत्यांमध्ये लोकप्रिय आहे. तो पुरेसा नाही. २०२२ च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड : डॉमिनियन’मध्ये यांत्रिक डायनोसॉरांचा मोठा वापर झाला होता. पहिल्या चित्रपटातले सॅम नील, लॉरा डर्न आणि जेफ गोल्डब्लम हे तिघेही त्यात परतले. कमाई १०० कोटी डॉलरपर्यंत गेली, पण समीक्षकांनी चित्रपटाला झोडपले. उलट पहिल्या चित्रपटातला गॅलिमिमसचा धावणारा कळप भरदिवसा, मोकळ्या मैदानात घडतो आणि पूर्णपणे संगणकीय आहे. तो आजही पाहवतो, कारण कॅमेरा त्या कळपातून जीव मुठीत धरून पळणाऱ्या माणसांबरोबर आहे.

म्हणजे फरक साधनापेक्षा ते वापरण्याच्या शिस्तीत आहे. १९९३ मध्ये काही डिजिटल चौकटी तयार व्हायला संगणकाला तासन्‌तास लागत आणि पडद्यावरच्या एका सेकंदात अशा २४ चौकटी असतात. त्यामुळे प्रत्येक शॉट खरोखर लागणार आहे का, हे आधी ठरवावे लागे. पुढे शॉट स्वस्त आणि सोपे झाले, तसे डायनोसॉर वाढले, आकाराने मोठे झाले आणि २०१५ च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’पासून संकरित प्राणीही आले. त्या चित्रपटाचे कथानकच असे आहे, की साध्या डायनोसॉरांना प्रेक्षक कंटाळल्यामुळे बागेला आणखी भयंकर प्राणी हवा असतो. इरफान खानने साकारलेला बागेचा मालक त्याला मान्यता देतो. मालिकेची स्वतःची अडचणही तीच आहे.

विज्ञान चुकलेले असूनही चाहते माफ का करतात?

चुका भरपूर आहेत. बागेच्या नावात ‘ज्युरासिक’ असले तरी टी-रेक्स आणि व्हेलोसिरॅप्टर हे त्यानंतरच्या क्रेटेशियस काळातले. खरा व्हेलोसिरॅप्टर साधारण टर्कीएवढा होता. चित्रपटातला मोठा रॅप्टर डायनोनायकस या त्याच्या नातलगावर बेतलेला आहे. डायलोफोसॉरस विष थुंकत असे, याला पुरावा नाही. १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांसारखे आवरण असलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्सचा जीवाश्म समोर आला आणि २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाडावर पिसे रुजण्याच्या खुणा आढळल्या. चित्रपटातले रॅप्टर मात्र बिनपिसांचे आहेत.

मूळ कल्पनाही टिकत नाही. राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातून डायनोसॉरचे डीएनए मिळेल, अशी कथा आहे. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवर झालेल्या अभ्यासात डीएनएचे अर्धे दुवे ५२१ वर्षांत तुटतात, असा अंदाज मांडला गेला. आतापर्यंत वाचता आलेले सर्वांत जुने डीएनए ग्रीनलंडमधले, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचे आहे. पक्षी वगळता डायनोसॉर नामशेष झाले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी.

तरीही चित्रपटाने एक मोठी गोष्ट बरोबर पकडली होती. आधीच्या बऱ्याच चित्रपटांत डायनोसॉर म्हणजे शेपटी ओढत चालणारे सुस्त सरडे असत. पुराजीवशास्त्रज्ञ जॅक हॉर्नर यांच्या सल्ल्याने बनलेल्या या चित्रपटात ते चपळ होते, कळपाने वागत आणि त्यांचे पक्ष्यांशी असलेले नाते पहिल्या काही मिनिटांतच सांगितले जाते. तपशील चुकले, पण ते जिवंत प्राण्यांसारखे वागतात. चाहत्यांच्या दृष्टीने हे पुरेसे ठरते.

बाग नेमकी कशामुळे कोसळते?

हा भाग आज पाहताना सर्वांत ताजा वाटतो. डायनोसॉर कुंपण तोडून बाहेर पडत नाहीत. कुंपणातली वीज बंद केली जाते. संपूर्ण बाग मोजक्या माणसांत चालावी म्हणून सगळे संगणकावर सोपवलेले आहे आणि सुमारे २० लाख ओळींची ती प्रणाली डेनिस नेड्री या एकाच प्रोग्रामरच्या हाती आहे. खर्चात आपण कुठेही हात आखडता घेतलेला नाही, असे हॅमंड ज्याला त्याला सांगत असतो. नेड्रीबरोबर मात्र त्याचा पैशांवरून वाद आहे. प्रतिस्पर्ध्याला भ्रूण विकण्यासाठी नेड्री सुरक्षा यंत्रणा बंद पाडतो आणि त्याच्याशिवाय ती कोणालाच सुरू करता येत नाही.

पुढची पायरी अधिक बोलकी आहे. नेड्रीने रॅप्टरच्या कुंपणाला हात लावलेला नसतो, कारण धोका त्यालाही कळतो. ते कुंपण बंद पडते ते नंतर, बिघाड दुरुस्त करण्यासाठी सगळी प्रणाली बंद करून पुन्हा सुरू केली जाते तेव्हा. दुरुस्तीनेच शेवटचा पिंजरा उघडतो.

क्रायटन यांच्या कादंबरीत याहून बारीक उदाहरण आहे. बागेतला संगणक प्राण्यांची मोजणी करतो, पण अपेक्षित आकडा २३८ भरला की थांबतो. प्राणी कमी झाले तर कळावे, एवढाच विचार तो बनवताना झालेला असतो. ते वाढू शकतील, हे कोणी गृहीतच धरलेले नसते. आकडा वाढवून पुन्हा मोजायला सांगितल्यावर डायनोसॉरांची वीण सुरू असल्याचे उघड होते.

आज या कथेचा संदर्भ काय?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘कोलोसल बायोसायन्सेस’ या कंपनीने नामशेष झालेला ‘डायर वुल्फ’ परत आणल्याचा दावा करत तीन पिल्ले जगासमोर आणली. प्रत्यक्षात राखाडी लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल करून ती जन्माला घातली होती. त्यांना डायर वुल्फ म्हणणे योग्य नाही, असा आक्षेप अनेक शास्त्रज्ञांनी घेतला. चित्रपटातही डायनोसॉरच्या डीएनएमधल्या रिकाम्या जागा बेडकाच्या डीएनएने भरलेल्या असतात आणि बागेतले प्राणी खरे डायनोसॉर किती, हा प्रश्न तिथेही उरतो. नंतर २०२५ च्याच जुलैमध्ये आलेल्या ‘ज्युरासिक वर्ल्ड : रिबर्थ’ने ८० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्याची पटकथा पहिल्या चित्रपटाच्या पटकथेवर काम केलेल्या डेव्हिड केप यांनीच लिहिली होती.

जैवतंत्रज्ञान असो वा कृत्रिम प्रज्ञा, नव्या शोधाच्या चर्चेत या चित्रपटाचा दाखला दिला जातो तो बहुधा ‘करता येते म्हणून करावे का’ या प्रश्नासाठी. चित्रपटाच्या कथेत त्याआधीची एक साधी गोष्ट दडलेली आहे. पहिल्याच दृश्यात रॅप्टरला पिंजऱ्यात हलवताना एका कामगाराचा बळी जातो. गुंतवणूकदार आणि विमा कंपनी धास्तावते, म्हणून बाग सुरक्षित आहे का, हे पाहायला तज्ज्ञांना बोलावले जाते. ते बेटावर उतरतात तेव्हा कुंपणे उभी राहिलेली असतात, प्राणी वाढलेले असतात आणि दुकानात विकायच्या वस्तूसुद्धा मांडून झालेल्या असतात.