खेळण्याला मानक आहे, मुलाच्या सांभाळाला का नाही?

या पानावर आपण नेहमी सुताचा भाव, उधारीची वसुली आणि सणासुदीचा गल्ला यांविषयी बोलतो. आज मी अशा एका व्यवसायाविषयी लिहीत आहे, ज्याला आपण व्यवसाय मानतच नाही. पुण्यात नाना पेठ, गंज पेठ, भवानी पेठ किंवा कोंढवा, कोठेही जा. एखादी खाला किंवा मावशी आपल्या दोन खोल्यांत शेजारपाजारची मुले सांभाळताना दिसेल. दारावर पाटी नाही, हातात पावती नाही. पण तिच्या भरवशावर कितीतरी आया सकाळी कामाला बाहेर पडतात आणि त्यांच्या भरवशावर आपली दुकाने चालतात.

रविवार पेठेतील माझ्या दुकानात साडीच्या काउंटरवर एक भगिनी काम करीत असे. तिचा दीड वर्षाचा मुलगा घराजवळच्या एका खालांकडे राहत असे. एके दुपारी निरोप आला की मुलाच्या हातावर उकळता चहा सांडला. खाला निष्काळजी बाई नव्हत्या. त्या दिवशी त्यांच्याकडे सात मुले होती, स्टोव्ह जमिनीवर होता आणि एका मुलाला उचलायला त्या उठल्या, तेवढ्यात घडले. मूल वाचले, हातावर डाग राहिला. खालांनी भीतीने मुले घेणे बंद केले. महिन्याभरात त्या भगिनीनेही काम सोडले. कापडाचे थान घेताना मी पन्हा मोजतो, रंग उतरतो का ते पाण्यात भिजवून पाहतो. पण माझ्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईचे मूल कोठे असते, हे मी एकदाही विचारले नव्हते.

आता कायद्याकडे पाहू. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने मोठ्या कारखान्यांत कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराची सक्ती केली. त्याच वर्षी इंग्लंडने घरी मुले सांभाळणाऱ्या बायकांच्या नोंदणीचा कायदा केला. आपण कारखान्याचा विचार केला, त्यांनी घराचाही केला. तिथे आजही अशा बाईला नोंदणी करावी लागते, प्रथमोपचार शिकावे लागतात, तिच्या घराची तपासणी होते. एकटीने सांभाळताना आठ वर्षांखालील जास्तीत जास्त सहा मुले, त्यांत पाच वर्षांखालील सर्वसाधारणपणे तीनच, असा हिशेब आहे.

आपल्याकडे २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चाच आकडा आहे. पण आपल्या बाजारात ५० माणसे असलेली दुकाने किती? म्हणजे आपण सगळे मोकळे! नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. ती कॅमेऱ्यात दिसली तेव्हा राज्यभर संताप झाला. तेथे निदान कॅमेरा होता. पेठेतल्या खोलीत तोही नसतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. ज्या हाती मूल सोपवतो, त्या घरासाठी मात्र आपण कोणतीच कसोटी लावत नाही.

काही बंधू म्हणतील, इन्स्पेक्टर आला की हप्ता आला आणि गरीब बाईची चूल बंद झाली. ही भीती खोटी नाही. पण कसोटी म्हणजे केवळ लायसन्स नव्हे. बरीचशी सुरक्षितता फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते. पाण्याचे पिंप व बादली झाकलेली असावी, कारण तान्हे मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडते. शेगडी ओट्यावर असावी, गॅलरीला जाळी असावी. लहानग्यांच्या हाती अख्खे शेंगदाणे व फुटाणे देऊ नयेत. भाजले तर टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे वाहते थंड पाणी घालावे. कापडवाला म्हणून एक गोष्ट सांगतो. नायलॉन व पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतात. सुती कापड चिकटत नाही, पण तेही झटकन पेटते. तेव्हा चुलीजवळ लोंबणारी ओढणी कोणत्याच कापडाची नको, आणि जुन्या साडीच्या झोळीत मूल एकटे सोडू नये.

खरी अडचण पैशाची आहे. खालांनी सात मुले हौसेने घेतली नव्हती. तीन मुलांच्या फीत घरभाडेही निघत नाही. भाव पाडून माल मागितला तर विणकर सूत कमी करतो, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळते? मुलांची संख्या कमी हवी असेल तर फी वाढली पाहिजे, आणि काउंटरवरच्या पगारात ती वाढ बसत नाही. म्हणून ती मालकाने उचलावी. दहा-बारा दुकानदारांनी मिळून मोहल्ल्यातील दोन-तीन घरे निवडावीत, फीचा काही भाग दुकानांनी द्यावा आणि बदल्यात मुलांची मर्यादा, प्रथमोपचाराचे शिक्षण व महिन्यातून एकदा आयांची भेट, एवढ्या अटी ठेवाव्यात. अनुभवी माणूस दुकानात टिकला तर हा खर्च वाया जात नाही. नवी मुलगी गिऱ्हाईक सांभाळायला शिकेपर्यंत किती विक्री बुडते, याचा अनुभव मी घेतला आहे.

मूल ही अमानत आहे. आईने ती खालांकडे ठेवली, पण ठेवावी लागली ती आपल्या दुकानाच्या वेळेमुळे. मी सुरुवात माझ्या दुकानापासून करीत आहे. त्या खालांना भेटून पुन्हा तीन मुले घेण्याची विनंती केली आहे, चौथ्या मुलाची फी दुकानाच्या खात्यातून जाईल, मूल मात्र चौथे येणार नाही. वाचक बंधूंनीही उद्या दुकान उघडल्यावर आपल्या कामगार भगिनींना एवढेच विचारावे : तुमचे मूल आत्ता कोणाजवळ आहे?