पुस्तकात न लिहिलेला कोल्हा

मुलामुलींनो,

या आठवड्याच्या टपालात एक पत्र होतं, वहीचं पान फाडून लिहिलेलं. सहावीतल्या एका मैत्रिणीचं. नाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून नाव सांगत नाही. पण पत्र मात्र वाचून दाखवते.

‘ताई, माझा भाऊ साडेतीन वर्षांचा आहे. त्याच्या अंगणवाडीच्या बाईंनी चित्रांची पुस्तकं घरी दिली आणि सांगितलं, रोज रात्री आईनं त्याला वाचून दाखवायचं. पण माझ्या आईला वाचता येत नाही. बाईंसमोर ती नुसती हो म्हणाली आणि घरी येऊन गप्प बसली. मग मीच वाचते. पण तो नीट ऐकतच नाही! सारखा मध्ये मध्ये बोलतो, पान धरून ठेवतो. एवढंसं पुस्तक, पण अर्धा तास झाला तरी संपत नाही. माझा अभ्यास राहतो. काय करू?’

भावाचं वाचून मला हसू आलं. आईचं वाचून मात्र हसू थांबलं. आधी भावाचं बघू या, म्हणजे आईचं उत्तर आपोआप सापडेल.

माझीही अशीच फजिती झाली होती बरं का! माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा होता. मी त्याच्यासाठी एक इंग्रजी चित्रपुस्तक आणलं होतं, ‘रोझीज वॉक’. पॅट हचिन्स नावाच्या इंग्लंडमधल्या बाईंनी ते लिहिलं आणि चित्रंही त्यांनीच काढली. १९६८ साली ते प्रसिद्ध झालं. पुस्तक कसलं, सगळं मिळून एकच लांबलचक वाक्य! रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अंगणातून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी परत येते. झालं, संपलं.

मी मराठीत सांगत सांगत भराभर पानं उलटत होते. त्यानं पान घट्ट धरलं. ‘मावशी, थांब ना! कोल्ह्याचं काय झालं?’

मी म्हटलं, ‘अरे, कोल्हा कुठे लिहिलाय यात?’

‘लिहिला नाहीये. आहे!’

आणि खरंच होता की! रोझीच्या मागे मागे चित्रात एक कोल्हा दबा धरून चाललेला. तो झेप घेतो, तर दाताळ्याचा दांडा फाडकन नाकावर! मग तो तळ्यात पडतो, गंजीत रुततो, गिरणीपाशी पिठानं न्हाऊन निघतो. शेवटी मधमाश्या त्याला पिटाळून लावतात. रोझीबाईंना मात्र कशाचाच पत्ता नाही. मान ताठ, चालल्या आपल्या!

गंमत अशी, की पुस्तकाच्या शब्दांत कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. बाईंनी मुद्दामच तसं केलंय. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच सांगतं आणि दोन्ही मिळून गोष्ट होते. मला अक्षरं येत होती, म्हणून मी अक्षरांवरून धावत सुटले. भाच्याला अक्षरं येत नव्हती, म्हणून तो चित्र वाचत बसला. मग सांगा बरं, त्या रात्री पुस्तक नीट कोणी वाचलं?

तर मैत्रिणी, तुझा भाऊ पान धरून ठेवतो ना, तेव्हा तो वाचतच असतो. त्याच्या बडबडीला अडथळा समजू नकोस.

आता आईचं. आईला अक्षरं येत नाहीत. पण चित्र? कोंबडी कशी चालते, पिल्लं कुठे लपतात, घार आली की कशी धांदल उडते, हे तुझ्या-माझ्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक असेल. पुस्तक तिच्या मांडीवर दे आणि म्हण, ‘आई, यात काय चाललंय ते तू सांग.’ पुस्तकात लिहिलेलीच गोष्ट ती सांगेल असं नाही. बिघडलं कुठे? उद्या तू लिहिलेली गोष्ट वाच. भावाला एका पुस्तकात दोन गोष्टी मिळतील!

आणि हे काही मी नवीन सांगत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजात चित्रकथीची जुनी कला आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीनं गात गात कथा सांगायची. समोर बसलेल्यांना लिहिता-वाचता येतं की नाही, हे कोण विचारतंय? चित्र दिसलं, आवाज कानावर आला, की कथा पोचली! ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ मिळाली. म्हणजे बघ, चित्र दाखवून गोष्ट सांगणं हे केवढं मानाचं काम आहे! आईला हे जरूर सांग.

आता सगळ्यांसाठी चार युक्त्या. धाकटं भावंडं असेल किंवा शेजारचं पिल्लू असेल, त्याला मांडीवर किंवा शेजारी घ्या, म्हणजे दोघांनाही चित्र दिसेल. पान त्यालाच उलटू द्या. पान उलटण्याआधी जरा थांबा आणि विचारा, ‘आता काय होईल रे?’ मात्र ‘हा रंग कोणता? हे किती?’ अशी तोंडी परीक्षा घेऊ नका. शेवटी ‘तात्पर्य काय?’ हे तर मुळीच नको! आणि तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर कुरकुर न करता वाचा. तुम्हीही आवडीचं गाणं एकदाच ऐकून थांबता का?

आई-बाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे आई-वडील दोन्ही गटांत सारखंच वाचून दाखवत होते. एका गटाला मात्र शिकवलं होतं, की मुलाला मोकळे प्रश्न विचारा, त्याला बोलू द्या आणि त्याच्या बोलण्यात थोडी भर घाला. महिन्याभरातच त्या गटातली मुलं बोलण्यात दुसऱ्यांच्या काही महिने पुढे गेली. तेव्हा पुस्तक लवकर संपवायची घाई नको. रात्री दोनच पानं झाली तरी चालतील. आणि हे काम फक्त आईचंच, असंही कुठे लिहिलेलं नाही हं, बाबा!

राहिला आपल्या मैत्रिणीचा अभ्यास. आई गोष्ट सांगत असेल तेव्हा तू शेजारी बसून खुशाल गणितं सोडव. कान मात्र तिकडे जाणारच, त्याला माझा इलाज नाही!

या रविवारी एखादं चित्रपुस्तक घ्या आणि घरातल्या सगळ्यात लहानाला विचारा, ‘यात न लिहिलेलं काय काय दिसतंय?’ त्याला जे सापडेल ते मला लिहून पाठवा. आणि मैत्रिणी, आईनं पहिली गोष्ट कोणती सांगितली, ते कळवायला विसरू नकोस.

वाट पाहतेय.

तुमची,
ताई