भोंगा वाजला की कॅमेरा सुरू

कॉलेजच्या मुलांना ‘इंटरनेट संस्कृती’वर माहितीपट करायला सांगितला की बहुतेक गट एकच फिल्म करून आणतात. मान खाली घातलेला मुलगा, ताटात गार झालेली भाकरी, दारात हताश आई आणि मागे बासरी. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: मोबाईल जपून वापरा. टाळ्या पडतात, आणि टाळ्या वाजवून झाल्या की सगळे खिशातून मोबाईल काढतात.

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या मुलांनी तरी ही वाट धरू नये. कृष्णा आणि वारणेच्या मधल्या या ऊसपट्ट्यात इंटरनेटची स्वतःची गोष्ट आहे, आणि ती अजून धडपणे कोणी पडद्यावर मांडलेली नाही.

सुरुवात वारणेपलीकडे करता येईल. १९९८ मध्ये वारणानगरच्या आसपासची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावर जायचं आणि आपल्या उसाचं वजन, बिल, तोडणीची माहिती घ्यायची. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून पाहिला. म्हणजे घरोघरी स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधी इथला शेतकरी एसएमएस करून आपलं टनेज विचारत होता! त्या केंद्रांवर बसणारी तेव्हाची तरुण पोरं आता पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांना गाठून बोलतं केलं तरी निम्मी फिल्म उभी राहील.

उरलेली निम्मी २०२२ सालात आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं त्या ऑगस्टमध्ये ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद राहतील. आधी महिलांची ग्रामसभा झाली. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. ही बातमी जगभर पोहोचली, तीही अर्थात मोबाईलवरूनच.

जेमतेम महिना उलटला आणि १३ सप्टेंबरला याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना जमावानं काठ्या-पट्ट्यांनी मारलं. त्यांनी एका मुलाला वाट विचारली होती. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा तेव्हा मोबाईलवरून फिरत होत्या. त्या मारहाणीचा व्हिडिओही तसाच फिरला.

एकाच जिल्ह्यातल्या या दोन गावांत जे घडलं ते शेजारी-शेजारी ठेवलं की बासरीची गरजच राहत नाही.

आता करायचं कसं? सगळ्यात मोठा धोका उरकण्याचा. रविवारी गाडी काढायची, सरपंचांचा बाईट घ्यायचा, ड्रोन उडवायचा आणि संध्याकाळी परत. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ केली तेव्हा कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावून दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण केलं होतं. वडगावातही तसंच बसावं. एकच ओसरी, एकच कोन, दहा संध्याकाळी. भोंगा वाजल्यावर कोण फोन उशाखाली सरकवतं, कोण ‘जरा एक कॉल’ म्हणून परड्यात जातं, साडेआठला पहिला हात कुणाचा पुढे होतो, हे पाहुणा म्हणून गेलेल्या कॅमेऱ्याला पहिल्या दिवशी दिसणार नाही. गाव आजही नियम पाळत नसेल, तर तेही दाखवावं. ती फजिती नव्हे, तीच फिल्म आहे.

आवाजाकडे मुलं हमखास दुर्लक्ष करतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी मुलाखतीत घुसणारच, त्यामुळे कॉलरला लावायचा माइक हवाच. आणि लहान मुलांचं चित्रण करायचं तर आईवडिलांची लेखी संमती हवी. जतमधल्या मारहाणीचा व्हिडिओ मात्र फिल्ममध्ये वापरू नये. ज्या फिरवाफिरवीवर बोट ठेवायचं, तिच्यात आपलीही भर कशाला?

टाळाटाळही परवडणारी नाही, कारण इंटरनेटवरचं बघता बघता नाहीसं होतं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि बांधावर, गोठ्यात उभं राहून पोरांनी केलेले असंख्य व्हिडिओ इथल्या पडद्यांवरून एका फटक्यात गेले. त्यातले किती कुणी जपून ठेवले असतील?

फिल्म झाली की थेट यूट्यूबवर टाकायची घाई नको. पहिला खेळ वडगावातच, देवळासमोर चादर बांधून व्हावा. वेळ मात्र साडेआठनंतरची ठेवावी. पडदा असला म्हणून काय झालं, नियम तो नियम.