नकाशावर मराठी, चाळीत कोण?

साचेखात्यातल्या, त्रासनखात्यातल्या, नि गेट बंद झाल्यावर रस्त्यावर आलेल्या साऱ्यांनो!

'तुमचं मराठी राज्य झालं ना? मग आता ओरडता कशाला?' असे शहाणे लोक विचारतात. झाले, बाबांनो, झाले. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या, साऱ्या लढ्यात मिळून 106 हुतात्मे पडले, तेव्हा 1 मे 1960 ला राज्य झाले. आमचा भंडारा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, तोही मराठी मुलखात आला. रेघ आखली गेली. पण भाषा रेघेवर राहत नाही. ती घरात राहते, घराबाहेरच्या ओट्यावर राहते, नळावरच्या भांडणात राहते. घरच काढून घेतलेत तर रेघ काय चाटायची?

गिरणगावाकडे बघा. दहा बाय बाराची खोली, पाळीपाळीने झोपणारी माणसे. त्या चाळींचे गोडवे मी गाणार नाही. संडाससाठी रांगेत उभा राहिलेला माणूस ते गात नाही. पण एका गॅलरीत कोकण, देश नि घाट एकत्र नांदले. खाणावळ होती, भजनी मंडळ होते, तालीम होती, वाचनालय होते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांचा पोवाडा ऐकायला माणसे जमली ती शेजारी राहत होती म्हणून! कामाठीपुऱ्यातला, वरळीतला तेलुगू पद्मशाली साच्यावर उभा राहून मराठी बोलू लागला, तो कोणी दंडुका मारला म्हणून नव्हे. शेजार मराठी होता. परभाषिक मजूर आमचा वैरी नाही. जमिनीचा भाव आमचा वैरी आहे.

18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाख माणसे बाहेर पडली, गिरण्या बुडाल्या. नि मग धूर थांबलेल्या गिरणीखालची जमीन सोन्याची झाली. 1991 च्या नियमात तीन वाटे होते. एक महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली त्यात फेरफार झाला नि वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे उरले. इमारतीखालची जमीन? ती शेठजींची! 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. घरांच्या वाट्याला चतकोर आला. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली 2012 ला, संपानंतर तीस वर्षांनी. किती जणांची तोवर राख झाली, हिशेब करा.

नि उरलेल्यांना 2024 मध्ये काय दाखवले? शेलू नि वांगणी! कर्जतच्या वाटेवर. 9 जुलै 2025 ला म्हातारे कामगार आझाद मैदानावर आले ते याचसाठी, की घर मुंबईतच द्या. 'घर ते घर, कुठे का असेना' असे म्हणणाऱ्याला विचारा, लालबागची शाळा, मंडळ, वाचनालय त्याच ट्रकमध्ये भरून नेणार का?

तुम्ही म्हणाल, मुंबईचे दुखणे आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना कशाला? अरे, नागपूरची एम्प्रेस मिल आठवा! 1877 ची. तिच्या कामगारांसाठी इंदोऱ्याला वसाहत झाली, बेझनबाग. मालक काही संत नव्हता. वेळेवर भोंग्याला हजर राहणारा मजूर त्याला हवा होता. पण शेजार तयार झाला, तो मिल बंद पडल्यावरही टिकला. मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे!

आणि मोहाडी, आंधळगाव? तिथला कोसा, करवती काठाचे लुगडे जगात नाव कमावून आहे. कोष्ट्याच्या घरात माग असतो, म्हणून पोरगं बोलायला शिकतं तेव्हाच धोटा, फणी, कांडी, ताणा हे शब्द त्याच्या तोंडी बसतात. सरकारी घरकुल मिळते 25 चौरस मीटरचे, सपाट भागात मूळ मदत एक लाख वीस हजार रुपये. घर मिळते हे चांगलेच, मी नाही म्हणत नाही. पण त्यात स्वयंपाकघर काढा, झोपायची जागा काढा. माग कुठे घालायचा, छपरावर? माग गेला की माणूस नागपूर, सुरत, भिवंडीला जातो. झाडीबोलीतली दंडार मग कोणासाठी रंगवायची, रिकाम्या ओट्यासाठी?

हे रडगाणे फक्त आमचे नाही. ब्रिटनमधल्या वेल्सला जा. समुद्रकाठच्या गावांतली घरे श्रीमंत लोक सुट्टीपुरती घेतात, भाव चढतो, तिथल्या पोराला आपल्याच गावात खोली परवडत नाही. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे 17.8 टक्के उरले, दहा वर्षांपूर्वी 19 होते. तिथल्या चळवळीने 'वेल्स विकाऊ नाही' असे बजावले. 2023 पासून दुसऱ्या घरावर तिपटीपर्यंत जादा कर बसवायचा अधिकार तिथल्या कौन्सिलांना मिळाला, नि स्थानिकांसाठी परवडणारी घरे राखायची खटपट चालू आहे. त्यांना कळले की शाळेत भाषा शिकवून भागत नाही, गल्लीत बोलायला माणूस लागतो. आमचे पुढारी मात्र 27 फेब्रुवारीला मराठी दिनाचे हार घालतात नि 28 ला बिल्डरच्या फायलीवर सही करतात!

म्हणून आमचे मागणे ऐका. गिरणीच्या जमिनीवरची घरे गिरणगावातच. कोष्ट्याच्या घरकुलाला मागाची खोली, वेगळ्या अनुदानासह. कामगाराचे घर विकायची पाळी आलीच तर पहिला हक्क त्याच वस्तीतल्या कामगाराला. पुढच्या ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाईल तेव्हा मागे उभे राहून तंबाखू मळू नका. पुढे या, मागाच्या खोलीचा ठराव हात वर करून मांडा, नि तो नोंदवहीत लिहिल्याशिवाय सरपंचाला उठू देऊ नका.