लक्ष नाही, की ऐकू येत नाही?

"याला दहा वेळा सांगा, याचं लक्षच नसतं." ऑफिसात किंवा कारखान्यात एखाद्यावर हा शिक्का बसला की तो सहजी पुसला जात नाही. बढती अडते, जबाबदारीचं काम दुसऱ्याकडे जातं आणि तो माणूस मीटिंगमध्ये गप्प बसू लागतो. कामात पुढे जायचं तर नीट ऐकता आलं पाहिजे, यात वादच नाही. पण न ऐकणं म्हणजे बेशिस्त, असं सरसकट धरणं मला मान्य नाही. ऐकणं हे आधी कानाचं, मग मेंदूचं आणि त्यानंतर सवयीचं काम आहे. गाडी कुठे अडली आहे हे न बघता माणसाला बोल लावणं म्हणजे निदान न करताच औषध देणं.

आधी कान. वयामुळे किंवा सततच्या गोंगाटामुळे ऐकणं कमी होतं, तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार असते. शांत खोलीत दोघांत बोलताना सगळं ठीक वाटतं. यंत्र सुरू झालं किंवा चौघं एकदम बोलू लागले की गोंधळ होतो. बघणाऱ्याला वाटतं, हा सोयीचं तेवढंच ऐकतो! ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं काम केल्यास अंतर्कर्णातल्या नाजूक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे गोंगाटात इअरप्लग वापरा आणि शंका आली की कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कधी नुसता साचलेला मळ निघतो. ऑडिओमेट्री ही तपासणी तर अजिबात दुखत नाही.

कान ठीक असेल तर पुढचा प्रश्न लक्षाचा. कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ साली प्रयोगात लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एकच नीट ऐकायला सांगितलं. दुसऱ्या कानातली भाषा मध्येच बदलली, तरी बहुतेकांच्या ते लक्षात आलं नाही. म्हणजे दोन बोलणी एकाच वेळी समजून घेणं मेंदूला जमत नाही. मीटिंगमध्ये फोनवर मेसेज वाचणारा माणूस "मी ऐकतोय" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसेल, पण तो ऐकतही नसतो. अपुऱ्या झोपेनेही लक्ष असंच निसटतं.

राहिली सवय. इथे आम्हा डॉक्टरांचंच उदाहरण बोलकं आहे. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्ण आणि डॉक्टरांच्या ७४ भेटी तपासल्या गेल्या. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडलं होतं. ज्यांचं काम ऐकण्यावर चालतं, त्यांची ही गत! समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं आपोआप येत नाही, ते शिकावं लागतं.

दुसरी सवय ऐकलेलं परत बोलून दाखवण्याची. विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरची सूचना तशीच पुन्हा म्हणतात. रुग्णालयात फोनवर औषध सांगितलं तर ते लिहून, वाचून दाखवणं अपेक्षित असतं. तुम्हीही म्हणा, "म्हणजे शुक्रवारपर्यंत फक्त पहिले दोन तक्ते हवेत, बरोबर?" यात अपमान नाही आणि वेळ जातो तो काही सेकंदांचा. चुकीचं समजून केलेलं काम पुन्हा करायला मात्र दिवस जातो.

सांगणाऱ्यालाही वाटा उचलावा लागेल. "समजलं ना?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळतं: "हो सर." त्याऐवजी "काय ठरलं ते एकदा सांगा," असं विचारा. आणि हाताखालच्या कुणाला "लक्ष नसतं" असा शेरा देण्याआधी, तो कुठल्या आवाजात काम करतो आणि त्याने कान कधी तपासलेत, एवढं तरी विचारा.