लंगडा ताल कोणाचा?

माझ्या मुलीने यंदा पियानोवर बार्टोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’मधला ११३ क्रमांकाचा तुकडा वाजवायला घेतला. नाव ‘बल्गेरियन रिदम’, मात्रा सात, विभागणी दोन-दोन-तीन. तिच्या शिक्षकांनी सल्ला दिला, “परीक्षेत हा नको. ताल चुकेल, मार्क जातील. सरळ चारचा काहीतरी घे.” सल्ला काळजीपोटी होता, पण मला तो पटला नाही.

मला पियानो येत नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात लघु-गुरू आणि अरूज शिकवताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. मात्रा बोटांवर मोजणारं पोर अडखळतं. तीच ओळ मोठ्याने म्हणणारं पोर अडखळत नाही. मी मुलीला म्हटलं, “एक ते सात मोजू नकोस. ‘आजी आली घाईने’ असं म्हण. प्रत्येक अक्षर सारखं.” दोन, दोन, तीन. चौथ्या दिवशी हात चालू लागले.

दोन हातांत दोन वेगळे ताल असले, तरी हीच युक्ती चालते. देबुसीच्या पहिल्या ‘अराबेस्क’मध्ये उजव्या हाताचे तीन स्वर डाव्याच्या दोन स्वरांवर बसवायचे असतात. दोन्ही हात मिळून कानाला जे ऐकू येतं, ते गुरू-लघु-लघु-गुरू असतं. उर्दू अरूजमध्ये त्यालाच ‘मुफ्तइलुन’ म्हणतात. मराठीत ‘आज नको’ हे वृत्तात म्हणतो तसं म्हणून पाहा. पुढे शोपँच्या ‘फँटेसी-इम्प्रॉम्प्टू’मध्ये तिनावर चार येतात. तिथे शब्द पुरत नाहीत. प्रत्येक हात आधी एकट्याने वाहता झाला पाहिजे, मगच दोघांना एकत्र आणावं.

असल्या तालांना संगीतशास्त्रात ‘अक्साक’ म्हणतात. हा तुर्की शब्द, अर्थ ‘लंगडा’. पण लंगडा कोणाच्या कानाला? ज्याने दोन आणि चारच ऐकलेत, त्याच्या. बल्गेरियातली, अनातोलियातली माणसं या तालांवर लग्नात नाचतात, त्यांचे पाय अडखळत नाहीत. आपल्याकडे रूपक सात मात्रांचा आणि झपताल दहाचा. त्यांना कोणी लंगडे म्हणत नाही.

बार्टोकला हे कळलं होतं. १९३६ मध्ये तो लोकगीतं गोळा करायला तुर्कस्तानात गेला. सोबत होता तरुण तुर्की संगीतकार अहमद अदनान सायगुन. ‘मिक्रोकॉसमॉस’च्या १५३ तुकड्यांचा शेवट बार्टोकने सहा बल्गेरियन नृत्यांनी केला. सायगुनने पुढे १९६४ मध्ये पियानोसाठी अक्साक तालांवर दहा एट्यूड लिहिले. डेव्ह ब्रुबेकने इस्तंबूलच्या रस्त्यावर नऊचा ताल ऐकला, दोन-दोन-दोन-तीन, आणि १९५९ मध्ये त्यातून ‘ब्लू रोंडो अ ला तुर्क’ आलं. सायगुनचं नाव मात्र आपल्याकडच्या पियानोच्या वर्गात मी कधी ऐकलं नाही.

हे मला लागतं, कारण मापाचा हा प्रकार माझ्या ओळखीचा आहे. “तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!” हे कौतुक मी आयुष्यभर ऐकत आलोय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण माप त्यांचं असतं आणि त्या मापात मी अपवाद ठरतो. घरी उर्दू, शाळेत मराठी, हे माझ्या पोरांसाठी दोन हातांइतकं साधं आहे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. हे तुकडे ‘पुढे कधीतरी’साठी राखून ठेवू नका. बार्टोकने ‘मिक्रोकॉसमॉस’चे पहिले दोन भाग आपल्या मुलाला, पेटरला अर्पण केले, चौथ्या भागातच त्याने बल्गेरियन ताल आणला. म्हणजे मधल्या टप्प्यावरच्या मुलांना हे जमेल, असा त्याला भरवसा होता. कान लवकर तयार होतो. उशीर केला तर चारच्या सवयीशी भांडावं लागतं.

मुलीने ११३ क्रमांकच ठेवला आहे. मार्क गेले तर जाऊ देत. काल तिची आजी स्वयंपाकघरातून ओरडली, “कोण घाईने आलं गं?”