इमारतीआधी मातीची तपासणी

मीरा रोड-भाईंदरला पिण्याचे पाणी स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून येते. ते पुरत नाही म्हणून अनेक सोसायट्यांनी बोअरवेल खोदल्या आहेत. खाडीकाठचे हे पाणी मचूळ. ‘प्यायचे नाही, वापरायचे’ म्हणून त्याची फारशी चौकशी होत नाही. झालीच तर टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड आणि जंतू एवढ्या तपासण्यांचा रिपोर्ट नोटीस बोर्डावर लागतो. ज्या भूखंडावर पूर्वी कारखाना होता, तिथे मात्र हा रिपोर्ट खऱ्या प्रश्नाला हातच घालत नाही.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत वर्षानुवर्षे स्टीलची भांडी बनत आली आहेत. तापवलेल्या स्टीलवरचा काळा थर काढण्यासाठी ते नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या हौदात बुडवतात. वापरून झालेल्या आम्लात क्रोमियम, निकेल आणि फ्लोराइड उतरलेले असते. प्लेटिंगच्या कामातूनही जड धातू सुटतात. यंत्रांचे भाग धुण्याच्या कामात वंगण काढणारी द्रावके लागतात. जमिनीचे भाव चढले की गाळे जातात आणि टॉवर येतात. जमीन मात्र तीच राहते. कारखाना होता म्हणून जमीन दूषित असेलच असे नाही. पण ती स्वच्छ आहे, हेही मोजल्याशिवाय म्हणता येत नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे क्रोमियमची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, निकेलची ०.०२ आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम आहे. टीडीएसची मर्यादा आहे ५०० मिलिग्रॅम. म्हणजे पाचशेच्या आकड्यात क्रोमियम शोधणे म्हणजे दहा हजारावा हिस्सा शोधणे. टीडीएसच्या पेनमध्ये तो दिसणार नाही, इतक्या कमी प्रमाणात जिभेलाही कळणार नाही. पाणी उकळून जंतू मरतात. धातू मात्र तसेच राहतात, उलट वाफेमुळे थोडे दाटच होतात.

मग शोध घ्यायचा कसा? पहिले काम कुदळीचे नाही, कागदाचे. भूखंडावर कोणता उद्योग होता, कोणती रसायने येत होती, हौद आणि गटार कुठे होते, हे जुने नकाशे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे आणि जुने कामगार सांगू शकतात. त्यावरून काय शोधायचे आणि कुठे, हे ठरते. नंतर वेगवेगळ्या खोलीवरची माती काढली जाते आणि निरीक्षणासाठी विहिरी घेतल्या जातात. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे कळायला निदान तीन विहिरी लागतात. त्यांपैकी एक वरच्या अंगाला हवी, म्हणजे भूखंडावर येणारे पाणी आणि तिथून जाणारे पाणी यांची तुलना करता येते. खाडीलगत भरती-ओहोटीने पातळी हलते, पावसाळ्याने तर कित्येक फूट बदलते; म्हणून एकदा नमुना घेऊन भागत नाही. धातूंसाठीचा नमुना आम्ल घालून जपावा लागतो, द्रावकांसाठीची बाटली हवेचा बुडबुडाही न ठेवता भरून थंड ठेवावी लागते. रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत नेलेल्या पाण्याचा ‘सर्व ठीक’ हा निष्कर्ष म्हणूनच फसवा असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, लोक आजारी पडले तर कळेलच की, असा सूर निघतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा सर्वांत धोकादायक युक्तिवाद आहे. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, पण तो ताप-खोकल्यासारखा समोर येत नाही. मूत्रपिंडाचा बिघाड बराच पुढे गेल्यावर लक्षात येतो. कर्करोगाला दहा-वीस वर्षे लागू शकतात, तोवर भाडेकरू घर बदलून गेलेला असतो. शंभर घरांच्या इमारतीत दोन रुग्ण जास्त निघाले, तर तो योगायोग की पाणी, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. तपासणी मातीची आणि पाण्याची करायची असते. माणसांना तपासणीचे साधन बनवायचे नसते.

उशीर महाग पडतो, हे भोपाळने दाखवले आहे. १९८४ च्या वायूकांडानंतर चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, कारखान्यात साठवलेला विषारी कचरा हलवून जाळला गेला. परंतु आवारातील माती आणि भोवतालच्या वस्त्यांखालचे पाणी हलवता येत नाही. आपल्या शेजारचे तारापूर तर २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण मूल्यांकनात ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. हा क्रमांक मिरवण्याचा नव्हता.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा राज्य मंडळाला कळवायच्या, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि गरज असल्यास पुढे सविस्तर. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. (उत्तनच्या कचराभूमीचा प्रश्न घनकचऱ्याच्या नियमांखाली येतो.) नियम आहे, पण पहिले पाऊल स्थानिक संस्थेचे आहे. महापालिकेने जुन्या औद्योगिक भूखंडांची यादी करावी, ती जाहीर करावी आणि अशा जागेवर बांधकाम परवानगी देण्याआधी माती-भूजलाचा अहवाल मागावा. पाया खणून माती ट्रकने दुसरीकडे गेल्यावर तपासण्यासारखे काही उरत नाही. शिवाय ती माती जिथे टाकली जाते, तिथे प्रश्नही जातो.

सोसायट्यांनीही तोवर गप्प बसू नये. आपल्या इमारतीच्या जागी पूर्वी काय होते, हे विचारावे. त्या उत्तरानुसार शिसे, क्रोमियम, निकेल, फ्लोराइड किंवा द्रावके यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी. रिपोर्ट येईपर्यंत बोअरचे पाणी पिण्यास, स्वयंपाकास आणि दात घासण्यास वापरू नये. रिपोर्टमध्ये काय आले यापेक्षा त्यात काय तपासलेलेच नाही, हे आधी पाहावे.